अठरा वर्षांनंतर दिवसभर कुठे? (सांगली-मिरज-कुपवाड, पालक आणि जाणकारांसाठी)

विश्रामबागकर

नमस्कार मंडळी, थेट मुद्द्यावर येते. बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी असलेल्या अठरा वर्षांवरच्या मुलामुलींसाठी सांगलीत दिवसभराची सोय उभी करावी असं आम्हा चार घरांच्या मनात आहे.

माझा मुलगा बावीस वर्षांचा आहे. विशेष शाळा संपल्यापासून घरात आहे. घरात असणं म्हणजे काय हे इथल्या पालकांना मी वेगळं सांगायला नको. सकाळची घाई संपली तसं उठणं दहावर गेलं, दुपारभर मोबाईल, भूक नसताना खाणं. शाळेत स्वतः डबा उघडून, खाऊन, धुऊन आणणारा मुलगा आता पाण्याचा तांब्यासुद्धा मागून घेतो. शिकलेलं सगळं हळूहळू हातातून सुटत चाललंय आणि हे मला रोज दिसतंय.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्यांना सहा ते अठरा या वयात मोफत शिक्षणाचा हक्क आहे. त्यापुढे समाजात राहण्याचा हक्क, कौशल्य प्रशिक्षण, रोजगार हे सगळं कायद्यात लिहिलेलं आहे. पण सोमवारी सकाळी मुलाला घेऊन कुठे जायचं, तो पत्ता त्यात नाही. अनुदानित कार्यशाळा आहेत, पण तिथल्या जागा भरलेल्या असतात. शिवाय एका ठिकाणी मी दिवसभर बसून पाहिलं. वीसेक मुलं एका हॉलमध्ये, समोर कागदी पिशव्या. चार वाजेपर्यंत बाहेरचं एक माणूस आत आलं नाही आणि आतलं एक बाहेर गेलं नाही. तिथल्या ताई जीव लावून काम करत होत्या, त्यांच्याविषयी मनात काही नाही. पण मला माझ्या मुलाचा दिवस असा नको आहे.

मला वाटतं आठवड्यातले काही तास तरी ही मुलं गावात असावीत. भाजी मंडईत, नगर वाचनालयात, आमराई बागेत, पोस्टात, सिटी बसमध्ये. एखाद्या दुकानात काम करावं, त्याचे पैसे मिळावेत. लोकांनी त्यांना नावाने ओळखावं. केंद्र म्हणजे सकाळी जमायची आणि दुपारी टेकायची जागा, बाकीचा दिवस गावात. हे जमण्यासारखं आहे का? कोणी केलंय का? नोंदणी, पैसे, माणसं, जे माहीत असेल ते लिहा.

कृष्णाकाठ

ताई, धागा काढलात ते फार बरं केलंत. आमची मुलगी पंचवीसची, डाउन सिंड्रोम. आमचं पाचवं घर धरा.

मिरजेची_बाई

मी विशेष शिक्षक आहे. शाळेत बरीच वर्षं काढली, आता प्रौढांच्या कार्यशाळेत आहे. तुमच्या कल्पनेशी मी सहमत आहे, पण दोन गोष्टी आधीच बोलून ठेवते.

पहिली म्हणजे मुलाला काय येतं ते आज नीट मोजा. सिकंदराबादला बौद्धिक अक्षमतेवर काम करणारी राष्ट्रीय संस्था आहे (पूर्वीचं एनआयएमएच, आता एनआयईपीआयडी), तिने प्रौढांसाठी 'बासल' नावाची मोजपट्टी तयार केलेली आहे. एका भागात जगण्याची कौशल्यं येतात, दुसऱ्यात त्रासदायक वर्तन. ती भरताना आईवडील हमखास म्हणतात, 'त्याला येतं, पण तो करत नाही.' त्याला आपणहून करता येत नसेल तर ते अजून आलेलं नाही असंच धरायचं आणि तिथूनच शिकवायला लागायचं.

दुसरं. गावात न्यायचं म्हणजे नुसतं फिरवून आणायचं नाही. आमच्याकडे एक मुलगा आहे, अंक वाचता येत नाहीत. त्याला भडंग पाव किलोच्या पिशव्यांत भरायचं होतं. काट्यावर आकडा उमटतो त्याच्या शेजारी आम्ही एक पुठ्ठा लावला, त्यावर तसेच डिजिटल आकडे काढले, २५०. सांगितलं, दोन्ही सारखं दिसलं की थांब. सुरुवातीला तो मोठ्या डावाने ओतायचा आणि आकडा उडी मारून पुढे जायचा. मग डाव काढून घेतला आणि चहाचा चमचा दिला. शेवटचे दाणे चमच्याने टाकताना तो श्वास रोखून धरतो. आकडा जुळला की पिशवी स्वतःच सरकवतो, कोणाकडे बघत नाही. याला वाचता येत नाही म्हणून वर्षानुवर्षं त्याच्याकडून मणी ओवून घेतले गेले होते. कामाचे तुकडे पाडायचे, अडतंय नेमकं कुठे ते शोधायचं आणि तेवढंच सोपं करायचं. तुमच्या केंद्रात हे करणारं एक माणूस पाहिजेच. प्रेमळ माणसं मिळतात, पण हे शिकवावं लागतं.

साताऱ्याचे_काका

मी साताऱ्याचा. मुलगा बेचाळीस, मी सत्तरीच्या पुढे, पत्नी गेली. तुमची तळमळ कळते, पण मला दिवसाची काळजी नाही, रात्रीची आहे. माझ्यानंतर त्याला कोण बघणार? माझ्या वयाच्या पालकाला दिवसाचं केंद्र पुरत नाही. तेवढीच ताकद आणि पैसा निवासी संस्थेत घाला असं मी म्हणेन. तुम्हाला हे वीस वर्षांनी पटेल.

विश्रामबागकर

काका, तुमचं वाचून बराच वेळ काही लिहवेना. हा प्रश्न आम्हा प्रत्येकाच्या उशाशी आहे.

तरी मी दिवसापासून सुरू करणार आहे. निवासी संस्थेत घेतानाही पहिला प्रश्न हाच असतो, स्वतः जेवतो का, आंघोळ करतो का, इतरांत राहतो का. दहा वर्षं घरात एकट्या आईवर विसंबून राहिलेल्या मुलाला आई गेल्याच्या दुसऱ्या आठवड्यात परक्या खोलीत ठेवलं तर त्याची काय अवस्था होईल? दिवसभर इतरांच्या हातचं खाणं, इतरांचं ऐकणं, आईशिवाय वेळ काढणं आधी जमलं पाहिजे. आणि गावात चार लोक त्याला ओळखत असतील तर पुढे कुठेही राहिला तरी त्याची विचारपूस करणारं कोणी असेल.

निवृत्त_बँकर

काकांच्या प्रश्नाचा कागदोपत्री भाग मी सांगतो, कारण यात लोक फार अडकतात.

मूल अठरा वर्षांचं झालं की कायद्याने आईवडील त्याचे पालक राहत नाहीत. त्याचं अज्ञान खातं सज्ञान खातं करायला गेलात की बँक सही मागते आणि गाडी अडते. राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते. नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असे तिचे इतर सदस्य. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चार प्रकारांत ही समिती सज्ञान व्यक्तीसाठी कायदेशीर पालक नेमते. हे प्रमाणपत्र बँकांनी मान्य करावं अशा रिझर्व्ह बँकेच्या सूचना आहेत. काउंटरवर कोणी माहीत नाही म्हणालं तर शाखाधिकाऱ्यांना भेटा आणि लेखी मागा.

पालक नेमल्यावर सहा महिन्यांत त्या व्यक्तीच्या मालमत्तेची यादी द्यावी लागते, पुढे दरवर्षी हिशेब. हे लोक विसरतात. काका, तुम्ही हयात असतानाच तुमच्यानंतर पालक कोण हे ठरवून त्या माणसाला, भाचा असो की पुतण्या, आतापासून मुलाच्या रोजच्या आयुष्यात आणा.

सरकारी नोकरी झालेली असेल तर अपंग अपत्याला कुटुंब निवृत्तिवेतन आयुष्यभर मिळू शकतं. त्याचं नाव आणि वैद्यकीय प्रमाणपत्र कार्यालयात आधीच नोंदवून ठेवा. आयकरात अपंग व्यक्तीला सांभाळणाऱ्याला ७५,००० आणि ८० टक्के किंवा जास्त अपंगत्व असेल तर १,२५,००० ची वजावट जुन्या करप्रणालीत मिळते.

साताऱ्याचे_काका

बँकर साहेब, आभारी आहे. पालकत्वाचं प्रमाणपत्र मी काढलेलं नाही. भाच्याशी या रविवारी बोलतो.

जतकर

सगळ्यांचं वाचलं. आमच्याकडं परिस्थिती येगळी हाय. सांगली आमच्यापासनं लांब. बहीण तीस वर्षांची. बोलती थोडं, पण शेळ्यांचं सगळं बघती. कुठली शेळी व्याली, कुठली खात न्हाई, तिला बरोबर कळतं. शाळेत कधी गेलीच न्हाई. आमच्यासारख्यांनी रोज सांगलीला यायचं म्हणजे एक माणूस रानातनं कमी झालं. तुमचं केंद्र चांगलं हाय, पण तालुक्याला काय?

मिरजेची_बाई

दादा, तुमच्या बहिणीला शेळ्या कळतात हे वाचून मला फार बरं वाटलं. तिच्याकडे काम आहे, जबाबदारी आहे, गावात ओळख आहे. शहरातल्या कित्येक मुलांकडे यातलं काहीच नाही. तिला सांगलीला आणायची घाई करू नका. तिचं यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढलंय का? सिव्हिलमध्ये तपासणी होते, अर्ज ऑनलाइन भरता येतो. ते झालं की संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसीलमध्ये करा. दिव्यांगांना पूर्वी महिना १,५०० मिळायचे, २०२५ मध्ये २,५०० करायचा निर्णय झाला. कुटुंबाच्या उत्पन्नाची अट आहे, उत्पन्नाचा दाखला लागेल. आणि ग्रामपंचायतीला स्वउत्पन्नाचा ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करावा लागतो. ग्रामसभेत उभं राहून विचारा, यंदाचा कुठे गेला.

एसटीत ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असेल तर भाड्यात ७५ टक्के सवलत आहे. ६५ टक्क्यांवर असेल तर सोबतच्या माणसालाही ५० टक्के.

जतकर

कार्ड काढलेलं न्हाई. ग्रामसभेत इचारतो. आजवर कुणी सांगितलं न्हवतं.

सांगली_ते_न्यू_जर्सी

मी मूळची सांगलीची, इथे अमेरिकेत याच क्षेत्रात काम करते. तिकडे तसंच करा असं म्हणायला आले नाहीये, कारण इथला पैसा सरकारी आरोग्य योजनेतून येतो आणि आपल्याकडे तो ओघ नाही. पण ताई ज्या दिशेने विचार करतायत तिथपर्यंत यायला इथे फार वेळ गेला.

इथेही आधी मोठमोठ्या संस्था होत्या, हजारोंनी माणसं आत. १९८१ मध्ये कायदा बदलला आणि संस्थेवर होणारा खर्च घरी, वस्तीत सेवा देण्यासाठी वापरायची मुभा राज्यांना मिळाली. १९९९ मध्ये जॉर्जिया राज्यातल्या दोन महिलांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ज्यांना समाजात राहता येतं त्यांना विनाकारण संस्थेत ठेवणं हा भेदभाव आहे. तरीही दिवसाची केंद्रं बरीच वर्षं तशीच राहिली. चार भिंती आणि तेच ते काम. मग २०१४ मध्ये नियम आला की सरकारी पैसा घ्यायचा तर त्या माणसाला गावात वावरता आलं पाहिजे आणि आपला दिवस निवडता आला पाहिजे. राज्यांना तो नियम पाळायला मार्च २०२३ पर्यंत मुदत दिली होती.

आणि इथे सगळं छान आहे असंही समजू नका. शाळा साधारण एकविसाव्या वर्षी संपते आणि कित्येक राज्यांत पुढच्या सेवेसाठी वर्षानुवर्षांची प्रतीक्षा यादी असते. १९३८ च्या कायद्यातल्या एका कलमामुळे अपंग कामगाराला किमान वेतनापेक्षा कमी देता येतं, त्यावर अजून वाद चालू आहे.

रोजच्या कामातून एक सांगते. माणसाला निवड करू द्यायची म्हणजे 'तुला काय आवडेल?' असं विचारून भागत नाही. ज्याने कधी निवडलेलं नाही तो समोरच्याला जे हवं तेच म्हणतो. दोन खऱ्या वस्तू पुढे ठेवा, दोन ठिकाणांचे फोटो दाखवा. आणि तो नाही म्हणाला तर त्याचं नाही चालू द्या, निदान काही बाबतीत तरी.

ओलीचिंब_आई

सगळं वाचते आहे आणि वाईट वाटतंय, म्हणून लिहिते. तुमच्या सगळ्यांच्या बोलण्यात बाजारात जाणारी, भडंग भरणारी मुलं आहेत. माझी मुलगी सव्वीस वर्षांची आहे. सेरेब्रल पाल्सी, व्हीलचेअर, बोलत नाही, डायपर लागतो, भरवावं लागतं. पाळी येते. तिला उचलून उचलून माझी कंबर गेली. आजवर प्रत्येक ठिकाणी एकच वाक्य ऐकलंय, 'स्वतःचं स्वतः करणारी मुलं आम्ही घेतो.' तुमच्या केंद्रात तिला जागा आहे का? की गावात जाणं हे फक्त चालणाऱ्यांसाठी आहे?

मिरजेची_बाई

ताई, तुमची मुलगी पहिल्या दिवसापासून असायला हवी. हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हणत नाहीये. अशी सोय 'नंतर करू' म्हणून ठेवली की ती कधीच होत नाही. जागा दुसऱ्या मजल्यावर घेतली जाते, संडासाचं दार अरुंद राहतं, माणसं मोजकी नेमली जातात आणि मग खरंच घेता येत नाही.

तळमजला, दारं व्हीलचेअर जाईल एवढी रुंद, आडवं झोपवून बदलता येईल असा कमरेएवढ्या उंचीचा बाक आणि आडोसा. उचलायला दोन माणसं, एकट्याने उचलायचंच नाही. मुलींची स्वच्छता बाईच करेल, आणि दुसरी बाई हाकेच्या अंतरावर असेल. कोणत्याही बंद दारामागे एक मोठा माणूस आणि एक मूल अशी वेळ कधी येऊ द्यायची नाही. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पॉक्सो कायदा अठरापर्यंतच आहे. आपली मुलं अठराच्या वरची, म्हणून आपण जास्तच कडक असायला हवं.

बोलत नाही म्हणता, पण हो-नाही कसं सांगते? डोळ्यांनी? आमच्याकडची एक मुलगी नजर वर केली की हो. तिच्या व्हीलचेअरला चार चित्रांचा पारदर्शक फलक लावलाय. ती ज्या चित्राकडे बघते ते कोणतं हे समोरून कळतं. मंडईत तिने टरबुजाकडे बघितलं, आम्ही घेतलं. विक्रेते आता थेट तिला विचारतात, आज काय. गावात जाण्यासाठी पाय लागतातच असं नाही. रॅम्प लागतो आणि थांबायला तयार असलेलं माणूस लागतं.

ओलीचिंब_आई

जीभ बाहेर काढते, ते हो असतं. नको असेल तर तोंड फिरवते. हे मला आणि तिच्या आजीलाच कळतं, कोणी कधी विचारलं नाही. मी येते आहे. काय काम असेल ते सांगा, पैसे फार नाहीत.

विश्रामबागकर

आई, तुमच्या लेकीची ही खूण एका कागदावर लिहून आणा. प्रत्येक मुलाचा असा कागद करायचा मला सुचतंय. काय आवडतं, कशाची भीती वाटते, दुखलं तर कसं कळतं, हो कसं, नाही कसं. नवीन मदतनीस आली की पहिल्यांदा तो कागद वाचेल.

बेदाणा_व्यापारी

माझं मार्केट यार्डात बेदाण्याचं छोटं काम आहे. मोठा माल यंत्रावर जातो, पण दिवाळीच्या पाकिटांसाठी हाताने निवडलेला माल लागतो. काडी काढायची, हिरवा, पिवळा, काळा वेगळा करायचा, दबलेला बाजूला टाकायचा. बायका बसतात या कामाला. आठवड्यातून तीन दिवस दोन-दोन तास, पाच मुलं आणि तुमचं एक माणूस, एवढी सोय मी करू शकतो. टोपी, हातमोजे घालावे लागतील, खाण्याचा माल आहे. पाकीटबंद करायचं काम तुमच्या केंद्रात न्यायचं असेल तर अन्नसुरक्षेची नोंदणी तुमच्या नावाने घ्या.

मजुरी किलोवर, बायकांना जी देतो तीच. कमी निवडलं तर कमी पैसे, पण दर एकच. आणि माल खराब निघाला तर परत देईन, हे आत्ताच सांगून ठेवतो.

विश्रामबागकर

दादा, हीच अट मला हवी होती. माल परत देईन म्हणालात त्याचं मोल मला जास्त आहे. सहानुभूतीने घेतलेली वस्तू लोक एकदा घेतात.

मुलांचे पैसे प्रत्येकाच्या खात्यात जावेत आणि थोडे हातात रोख मिळावेत असं मला वाटतं. स्वतःच्या पैशाचा वडापाव खाल्ल्याशिवाय काम आणि पैसा यांचा संबंध कसा कळणार?

डॉ_अनामिक

मी सांगलीत जनरल प्रॅक्टिस करते. अशी बरीच मुलं माझ्याकडे येतात. तक्रार बहुतेक एकच, 'शाळा सुटल्यापासून वागणं बिघडलंय.' कंटाळा हे कारण असतंच. पण आधी दुखणं शोधा. दाढ किडलेली असते, पोट साफ नसतं, कानात मळ घट्ट बसलेला असतो. सांगता येत नाही म्हणून डोकं आपटतात, चावतात. झोपेच्या गोळ्या सुरू करायच्या आधी एवढं तपासून घ्या.

कृष्णाकाठ, तुमच्या मुलीचं थायरॉईड दरवर्षी बघता ना? डाउन सिंड्रोममध्ये ते कमी होण्याचं प्रमाण बरंच जास्त असतं. मुलगी सुस्त, जाड, गप्प झाली की घरचे म्हणतात वय वाढलं. घोरत असेल, झोपेत श्वास अडकत असेल तर तेही दाखवा. चाळिशीनंतर यांच्यात स्मृतिभ्रंश लवकर सुरू होऊ शकतो. आधी येणारी गोष्ट येईनाशी झाली तर दुर्लक्ष करू नका.

फिट येणारी मुलं केंद्रात असतील तर प्रत्येक मदतनिसाला शिकवा. कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, घड्याळ बघायचं. पाच मिनिटांच्या वर चालली तर दवाखाना. हे शिकवायला मी येईन, पैसे नकोत.

आणि राष्ट्रीय न्यास या सरकारी संस्थेची निरामय योजना सगळ्यांनी घ्या. वर्षाला एक लाखापर्यंत आरोग्य विमा आहे, त्यात बाह्यरुग्ण उपचार आणि थेरपीही येते, विम्याआधी वैद्यकीय तपासणी लागत नाही.

कृष्णाकाठ

डॉक्टर, दोन वर्षं थायरॉईड केलेलं नाही. उद्याच करते.

गावभाग_सांगली

जागेबद्दल. भाडं कमी दिसतं म्हणून नदीच्या बाजूला घेऊ नका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५. २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा आलं. व्हीलचेअरवरच्या मुलांना घेऊन पळायची वेळ येऊ नये. विश्रामबाग किंवा मिरज रोडच्या बाजूला बघा.

ओलीचिंब_आई

२०१९ ला आम्ही गावभागात होतो. लेकीला खुर्चीसकट बोटीत चढवलं होतं. खरंय तुमचं.

साताऱ्याचे_काका

एक विचारतो. दिव्यांगांसाठी कोणतीही संस्था चालवायची तर २०१६ च्या कायद्याप्रमाणे नोंदणी लागते ना? मी एका संस्थेच्या कार्यकारिणीवर होतो, म्हणून आठवतंय.

निवृत्त_बँकर

बरोबर, कलम ५०. नोंदणीशिवाय संस्था काढता येत नाही. म्हणून क्रम असा ठेवा. आधी पालकांची संस्था, सोसायटी कायद्याखाली किमान सात सभासद, आणि धर्मादाय आयुक्त कार्यालयात न्यास नोंदणी. मग दिव्यांग कल्याण विभागाकडे अर्ज. डिसेंबर २०२२ मध्ये राज्यात हा विभाग वेगळा झाला, आयुक्तालय पुण्याला आहे, जिल्ह्यातली माहिती जिल्हा परिषदेत मिळेल. त्यानंतर राष्ट्रीय न्यासाकडे नोंदणी. पालकांच्या संघटनेलाही ती मिळते. न्यासाची दहा वर्षांवरच्यांसाठी 'विकास' नावाची दिवसाच्या केंद्राची योजना २०१५ ला आली. आता ती लहान मुलांच्या 'दिशा' योजनेबरोबर एकत्र आहे. दिवसाचे किमान सहा तास केंद्र चालवावं लागतं.

पण योजनेच्या पैशावर विसंबून भाडेकरार करू नका. हप्ते उशिरा येतात, मदतनिसांचा पगार थांबत नाही. घरटी फी ठरवा, ज्याला जमेल त्याने जास्त, न जमेल त्याने कमी. महापालिकेच्या ५ टक्के निधीसाठी अर्ज करा, त्यातून रॅम्प किंवा बाक होऊ शकेल.

सांगली_ते_न्यू_जर्सी

फीबद्दल एक विनंती. कमी फी देणारं घर कोणतं हे मदतनिसांना आणि इतर पालकांना कळू देऊ नका. मुलांना मिळणाऱ्या वागणुकीत ते उतरतं. मी पाहिलेलं आहे.

मिरजेची_बाई

आणखी एक, पालकांना कडू लागेल. मुलगा पहिल्यांदा एकट्याने विश्रामबाग ते मिरज सिटी बसने गेला की तुम्ही मागून रिक्षाने याल. या. पण खिडकीतून हात करू नका. आमच्याकडे कंडक्टरला आधी सांगून ठेवतो, मुलाच्या गळ्यात कार्ड, खिशात नेमकी भाड्याची चिल्लर. पहिले कित्येक दिवस आम्ही बाजूच्या सीटवर, मग मागच्या सीटवर, मग बसस्टॉपवर. काही मुलं शेवटपर्यंत एकटी जात नाहीत, तरी बाजूच्या सीटवर कोणी असताना तिकीट स्वतः काढतात. तेवढं जमलं तरी पुष्कळ आहे.

विश्रामबागकर

आतापर्यंत आठ घरं झाली. मिरज रोडला एका ओळखीच्यांचा तळमजला बघितलाय, पुढे अंगण आहे. संडासाचं दार तोडून रुंद करावं लागेल, मालक तयार आहेत. बेदाण्याचं काम दिवाळीच्या हंगामाआधी सुरू करायचं. आधी मोजणी आणि ते कागद. डॉक्टरांचं फिटचं प्रशिक्षण पहिल्या आठवड्यातच ठेवू.

दोन गोष्टी अडल्यात. एक म्हणजे गाडी. कुपवाड आणि माधवनगरच्या मुलांना रिक्षा परवडत नाही आणि व्हीलचेअर रिक्षात मावत नाही. कोणाची जुनी व्हॅन असेल, ज्याला रॅम्पची फळी लावता येईल, तर कळवा. दुसरं, मुलींसाठी दोन मदतनीस ताई हव्यात. अनुभव नसला तरी चालेल, मिरजेच्या बाई शिकवतील. पगार वेळेवर देऊ, महिन्यातून दोन रविवार आणि वर आणखी एक सुट्टी.

पहिली बैठक पुढच्या रविवारी सकाळी दहाला आमराईत. मुलांना घेऊन या. त्यांच्याविषयी त्यांच्यामागे ठरवायला नको.

जतकर

मी येतो. बहिणीला घिऊन येतो, तिला बी बघू दे. आमच्या तालुक्याला असलं काय करायचं असंल तर बघून तरी ठेवतो. सकाळची पहिली गाडी धरली तर दहाला पोचतोय का ते डेपोत इचारतो. थोडा उशीर झाला तर थांबा.

साताऱ्याचे_काका

मी आणि मुलगा साताऱ्याहून येतो. भाच्याला सोबत आणतो आहे. ताई, तिथे बसायला बाक आहे ना? मला खाली बसता येत नाही.

विश्रामबागकर

आहे काका. जतकर दादा, तुम्ही येईपर्यंत थांबतो.